टाचणीकाकांची डावी बाजू

आमच्या भावोजींचं खरं नाव त्यांच्या बँकेला ठाऊक आहे, आणि बहुतेक फक्त बँकेलाच. नाटक कंपनीत लहानथोर सगळे त्यांना टाचणीकाका म्हणतात. ते कपडेपट सांभाळतात. म्हणजे राजापासून चोरापर्यंत सगळ्यांच्या मापाचे कपडे बेततात, शिवतात, उसवतात आणि हे करताना दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलतात. ओठ हलवता येत नाहीत, त्यामुळे प, फ, ब, भ, म ही बिचारी अक्षरं कामाच्या वेळी त्यांच्या तोंडून बाहेरच पडत नाहीत. एकदा नव्या नटीला ते म्हणाले, "पोट आत घ्या." तिला ऐकू आलं, "ओठ आत घ्या." ती बाई दोन्ही ओठ तोंडात ओढून बराच वेळ आज्ञाधारकपणे उभी राहिली, आणि पोशाख शेवटी पोटावर घट्टच झाला.

मी त्यांची धाकटी मेहुणी. राहते त्यांच्याच घरी आणि कंपनीच्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसते. काचेच्या त्या भोकातून माणसाचा अर्धा चेहराच दिसतो, पण बहाणे मात्र पूर्ण ऐकू येतात. "आजोबांना कमी ऐकू येतं हो, पहिली रांग द्या." आणि आजोबा मागून म्हणतात, "मला काय झालंय?" इतकी वर्षं हे ऐकल्यावर थापाड्या माणूस मला खोकण्यावरून कळतो. म्हणून सांगते, आमच्या भावोजींना थाप मारता येत नाही. वाढदिवसाची भेट लपवून ठेवायची म्हटली तर हे दारातच विचारतात, "तू माझ्या पिशवीत बघणार नाहीस ना?"

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, गाडी शिकवते. स्वतःची शाळा आहे तिची, छपरावर पाटी लावलेली एक गाडी आणि एक प्रचंड आवाज. तिच्या हाताखालून परवाना घेऊन गेलेली माणसं रस्त्यात ती दिसली की अजूनही आरसा नीट करतात. ताई प्रेमळ आहे, पण तिचं प्रेमसुद्धा सूचनांच्या रूपात बाहेर पडतं. "जेवा. सावकाश. आता पाणी. आता उठा."

तर या भावोजींना नागीण झाली. डाव्या बरगडीवर, पाठीपासून सुरू होऊन छातीकडे येणारा फोडांचा लाल पट्टा. आमच्या मजल्यावरच्या काकू रोज दारात येऊन गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "तोंड आणि शेपूट जुळलं का हो?" पट्ट्याची दोन टोकं जुळली की माणूस जातो, अशी त्यांची ठाम समजूत. डॉक्टरांनी सांगून झालं होतं की असं काही नसतं, पण काकूंचा उत्साह मोडेना. शेवटी भावोजींनी मापाची टेप अंगाला लावून दाखवली आणि म्हणाले, "नाही हो, अजून बरंच कापड कमी पडतंय." काकू चार दिवस आल्या नाहीत.

फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी पहिल्यासारखी झाली. दुखणं तेवढं गेलं नाही. आणि दुखणं तरी कसलं! जोरात दाबलं तर फारसं काही नाही, पण सदऱ्याची कड नुसती घासली तरी निखारा लागल्यासारखे ते उडायचे. पंख्याचा वारा टोचायचा. पांघरूण कुणी हलवलं की ओरडायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर कापड चढवलेल्या माणसाला कापडच सोसेना, याला काय म्हणायचं?

पण माणूस कपडेपटातला. त्यांनी राणीच्या घेरदार झग्यातली पोलादी कडी काढली, वाकवली आणि स्वतःच्या सदऱ्याच्या डाव्या बाजूला आतून शिवून टाकली. कापड अंगापासून वीतभर लांब. तब्येतीला आराम, पण बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, या गृहस्थांनी काखेत कलिंगड लपवलंय. बसमध्ये लोक त्यांच्या डाव्या बाजूला बसायला कचरायचे. एका दुकानाच्या पहारेकऱ्याने तर त्यांना बाजूला घेऊन नम्रपणे विचारलं, "साहेब, आत काय आहे?" भावोजी म्हणाले, "काही नाही हो, मीच आहे." तो पिंजऱ्याचा सदरा मला इतका आवडला की मी त्यांना दुसरा शिवायची गळ घातली. तिकडे राणीचा झगा मात्र एका बाजूने बसला आणि राणी महिनाभर लंगडी असल्यासारखी दिसली.

ताईने ते सगळे महिने खस्ता खाल्ल्या, आणि तेही हूं की चूं न करता, जे तिच्या स्वभावात मुळीच नाही. पांघरूण ओढलं जाऊ नये म्हणून ती जमिनीवर गादी घालून झोपायची. गाडी शिकवून आली की बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून द्यायची. आणि तिने त्यांना मिठी मारणं सोडलं होतं. हे मला तिने सांगितलं नाही. एकदा भावोजी कामावर निघाले, ताईचे दोन्ही हात वर आले, हवेत थांबले आणि मग तिने त्यांच्या उजव्या खांद्यावरचा नसलेला दोरा झटकला. ते बघून मला कळलं. एरवी मी कुणाच्या मिठ्यांकडे बघत नाही.

आता त्या प्रयोगाची गोष्ट. नाटक राजाराण्यांचं, हसवणारं. शेवटच्या अंकात म्हातारा प्रधान येतो, एकच वाक्य बोलतो, "महाराज, घोडा तयार आहे," आणि महाराज गहिवरून त्याला कडकडून मिठी मारतात. संपलं काम. ते काम करणारा नट त्या संध्याकाळी स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकला. त्याचा फोन आला, "पडदा उघडा, मी येतोच." मागून दोघातिघांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही.

प्रधानाचा कोट भरजरी, आतून खरखरीत, आणि तो बेतला होता भावोजींच्याच मापावर, कारण मूळचा नट माप द्यायला कधी फिरकलाच नव्हता. दिग्दर्शक धावत कपडेपटात आला. भावोजी त्या वेळी एका भल्यामोठ्या अंगरख्यात कमरेपर्यंत शिरून अस्तर टाचत होते. दिग्दर्शकाने त्यांच्या पाठीमागून विचारलं, "काका, प्रधान तुम्ही कराल का?"

भावोजी म्हणाले, "अंहं."

आता उघड्या तोंडाने म्हटलेला अंहं आणि हं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मान हलली तर प्रश्नच नाही. पण मान अंगरख्यात, आणि ओठांत टाचण्या! बाहेर आला तो नुसता नाकातला एक हुंकार. दिग्दर्शक ओरडला, "काका हं म्हणाले! काका हं म्हणाले!" आणि भावोजी अंगरख्यातून डोकं बाहेर काढेपर्यंत त्यांना दाढी लागलेली होती. पिंजऱ्याचा सदरा उतरवला गेला. चौघांनी मिळून तो कोट चढवला. मी खिडकी बंद करून विंगेत आले तेव्हा भावोजींचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ घट्ट मिटलेले होते आणि आता तर आत टाचण्याही नव्हत्या.

मग कुणीतरी त्यांना रंगमंचावर ढकललं.

दिवे, समोर भरलेलं नाट्यगृह, आणि मधोमध आमचे भावोजी. क्षणभर वाटलं, आता हे कोसळतात. पण त्यांनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज, घोडा तयार आहे." मग गप्प बसायचं सोडून पुढे म्हणाले, "पण खोगीर उसवलंय."

लोक हसले. महाराज गांगरले. त्यांना पुढचं वाक्य आठवेना, म्हणून त्यांनी विचारलं, "मग आता?"

"दोन टाके घालतो. तोवर महाराजांनी पोट आत घ्यावं, झगाही उसवतोय."

हशा असा उसळला की मागच्या रांगेतलं एक लहान मूल दचकून रडायला लागलं. भावोजींनी तेवढ्यात कोटाच्या खिशातून खरीखुरी सुई काढली (ती त्यांच्याजवळ कायम असते) आणि भर दरबारात महाराजांच्या काखेत टाका घातला. महाराजांना गुदगुल्या व्हायला लागल्या. शेवटी स्वतःला सावरायला म्हणून त्यांनी भावोजींना मिठीत घेतलं. आमचे महाराज अंगाने दणकट आहेत. त्या मिठीत भावोजींचे पाय जमिनीवरून उचलले गेले. आणि भावोजी हसत होते, ओरडणं दूरच, हसत होते! मी विंगेत आनंदाने उड्या मारल्या. एका लाकडी झाडाला धक्का लागून ते पडलं, त्यालाही टाळ्या मिळाल्या.

ताई दुसऱ्या रांगेत बसली होती. मांडीवर बर्फाची पिशवी.

पडदा पडल्यावर ती मागे आली तेव्हा भावोजींना सगळ्यांनी घेरलं होतं. कुणी पाठीवर थाप मारत होतं, कुणी दाढी ओढत होतं. ताई सरळ समोर गेली. तिचा तो प्रचंड आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कुणास ठाऊक. हळूच म्हणाली, "म्हणजे इतके महिने नाटक केलंत?"

दाढी ओढणाऱ्याने दाढी सोडली. नाटकवाल्यांच्या घरात हा शब्द कुणी रागाने वापरत नाही. आमच्याकडे नाटक म्हणजे पोटापाण्याचा धंदा. पण तिने तो साध्या माणसांसारखा वापरला आणि तो जाऊन लागला. भावोजींचं हसू तोंडावरच राहिलं, आणि मी डोळ्यांनी बघितलं, दुखणं परत आलं. आधी श्वास अडकला, मग डावा हात वर झाला, मग "काढा, काढा, कोट काढा!" बटणं तुटून उडाली.

"झालं, सुरू," ताई म्हणाली आणि निघून गेली.

मला तिचा राग आला होता, आणि कीवही. परक्या माणसाने तिच्या नवऱ्याला उचलून मिठी मारली होती आणि तिला मात्र महिनोन्‌महिने हवेतले दोरे झटकावे लागले होते. माझंही डोकं फिरलं असतं.

घरात त्यानंतर जे सुरू झालं ते भांडण असतं तर बरं. दोघंही एकमेकांशी इतकं सभ्यपणे बोलायला लागले की ऐकणाऱ्याचे दात आंबावेत. "चहा घेणार का?" "घेईन, आभारी आहे." आणि त्याहून वाईट म्हणजे भावोजींनी पिंजऱ्याचा सदरा कपाटात टाकून दिला. रोज इस्त्रीचा, अंगाबरोबर बसणारा सदरा घालून कामावर यायला लागले. कपाळावर घाम, दातांवर दात. मी एकदा त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"भावोजी, हा काय छळ लावलाय जिवाला?"

"बघतोय," ते म्हणाले.

"काय बघताय?"

"खरंच दुखतं का. त्या दिवशी नाही दुखलं गं मला. मिठी मारली तेव्हा काहीच नाही कळलं. मग तुझी ताई खोटं काय बोलली? मीच नाटक करत असेन. मलाच कळत नसेल."

हे म्हणताना सदऱ्याची शिवण बरगडीला घासली आणि ते कळवळले. लगेच खजील होऊन इकडेतिकडे बघायला लागले, जणू कळवळताना कुणी पकडलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुखणारा माणूस स्वतःच्याच दुखण्याला चोर समजायला लागला, तर त्याने जायचं कुठे? मी दुसऱ्या दिवशी दोघांनाही घरच्या गाडीत कोंबलं आणि डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ताईने चालकाच्या जागेकडे पाऊल टाकलं तेव्हा मी किल्ली आधीच खिशात घातली होती. रागावलेल्या माणसाने गाडी चालवू नये, हे तिच्याच शाळेच्या भिंतीवर लिहिलंय.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा ठेवलेला. ताई कुणाला न विचारता तो कणा सरळ करत बसली.

"मला एकच सांगा," ताई म्हणाली. "दुखणं यांच्या बरगडीत आहे की मनात?"

"दोन्हीकडे," बाई म्हणाल्या.

"असं कसं? काहीतरी एक सांगा."

"नागिणीने नस खराब केली, ते खरं. ती काहीही कारण नसताना 'आग, आग' म्हणून बातमी पाठवते. पण बातमी वाचतो मेंदू. भीती असेल, काळजी असेल, सगळं लक्ष तिथेच असेल, तर तो मोठ्याने वाचतो. लक्ष दुसरीकडे जोरात ओढलं गेलं, की हळू वाचतो. कधीकधी तेवढ्यापुरतं वाचतच नाही."

"म्हणजे यांनी मनात आणलं तर बंद होईल?"

"तुम्ही मनात आणलंत तर तुमची भूक बंद होईल?"

ताईच्या हातून कण्याचा एक मणका निखळला. बाईंनी तो शांतपणे परत बसवला. मग भावोजींकडे वळून म्हणाल्या, "काका, त्या दिवशी दुखलं नाही, ते खरं होतं. मागाहून दुखलं, तेही तितकंच खरं. यात खोटेपणाचा काही भाग नाही." भावोजी मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब पडला, आणि तो घाम आहे असं आम्ही तिघींनी ठरवून टाकलं.

बाईंनी नसेच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि एक काम सांगितलं. रोज थोडा वेळ, वेगवेगळी कापडं त्या जागेवरून हळूच फिरवायची, आधी मऊ, मग हळूहळू खरखरीत. स्पर्श म्हणजे धोका नव्हे, हे मेंदूला नव्याने शिकवायचं. "शिकवायचं" हा शब्द ऐकून ताईने पहिल्यांदा कान टवकारले.

पण पटलं तिला ते दवाखान्यात नाही. परतताना मी गाडी चालवत होते, ताई शेजारी, भावोजी मागे. माझं चालवणं तिला सहन होत नाही. समोरून एक सायकलवाला आला, दुरूनच, आणि ताईचा उजवा पाय धाडकन पुढे गेला. ती शिकवते त्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, पण ती गाडी दुरुस्तीला टाकली होती. ही घरची. पायाखाली नुसती सतरंजी.

"ताई, तिथे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे मला! पाय आपोआप जातो. घरी सोफ्यावर बसून सिनेमा बघतानासुद्धा जातो. मी काय मुद्दाम..."

ती थांबली. मागून भावोजींचा आवाज आला, अगदी मऊ.

"नाटक करतेस?"

गाडीत नुसती वळण दाखवायच्या दिव्याची टकटक ऐकू येत होती. मग ताईच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. आधी दाबून, मग न दाबता. हसता हसता पुढे एक कुत्रं दिसलं आणि पाय पुन्हा सतरंजीवर आपटला, तशी ती आणखी हसली. हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पुढचं दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली. मागे भावोजी बरगडी धरून कळवळत होते आणि हसत होते, "आई गं... नका गं हसवू... दुखतंय... खरंच दुखतंय!" आणि ताई मागे वळून, डोळे पुसत म्हणाली, "कळतंय हो, कळतंय." एका पोलिसाने काचेवर टकटक करून विचारलं, काही मदत हवी आहे का. आम्ही तिघांनीही हसत हसत नुसत्या माना हलवल्या. तो बिचारा हात हलवत निघून गेला.

त्या दिवसापासून घरात कापडांची शिकवणी सुरू झाली. ताई मास्तरीण. भावोजी खुर्चीत उघड्या अंगाने, डोळे मिटून, आणि मी शेजारी कपडेपटातल्या चिंध्यांची पिशवी घेऊन. ताईने हुकूम सोडायचे, "श्वास घ्या. खांदा सैल. आता पहिला गिअर," आणि मलमलीचा तुकडा बरगडीवरून फिरवायचा. भावोजींनी त्यातही खेळ काढला. डोळे न उघडता कापड ओळखायचं.

"राणीचा रुमाल."

"बरोबर. पुढे?"

"ही मखमल. खलनायकाची. स्स्स... हळू, हा माणूस पहिल्यापासून दुष्ट आहे."

कधी दिवस चांगला जायचा, कधी मलमलसुद्धा चटका द्यायची आणि शिकवणी तिथेच थांबायची. थांबली की ताई "का" म्हणून विचारायची नाही. तुकडा घडी करून पिशवीत. मला ते न विचारणं सगळ्यांत आवडायचं. मजल मारत मारत ते घोंगडीपर्यंत पोचले. चोराची घोंगडी अंगावरून गेली त्या दिवशी भावोजींनी मूठ आवळली, पण ओरडले नाहीत, आणि मग आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात नाच केला. खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकल्याचा आवाज आला.

परवाची गोष्ट. शिकवणी चालू होती. दोनतीन कापडं झाली होती. मी पिशवीतून पुढचा तुकडा काढून ताईपुढे धरला, पण तिने घेतला नाही. तिने हात पुसले, एकमेकांवर चोळून गरम केले आणि उजव्या हाताचा तळवा हळूच त्यांच्या डाव्या बरगडीवर ठेवला. फिरवला नाही. नुसता ठेवला.

भावोजींच्या कपाळावर आठी पडली. डोळे मिटलेलेच. जरा वेळाने म्हणाले, "हे ओळखता येत नाही बुवा. कुठल्या पोशाखातलं?"

ताईने हात तसाच ठेवला.

मग त्यांनी डोळे उघडले. खाली बघितलं. तिचा हात बघितला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"दुखतंय."

"काढू?"

"नको," भावोजी म्हणाले. "राहू दे जरा."